जुन्या सर्व्हरची फाईल जशीच्या तशी उचलू नकोस

चि. भाचीस,


नव्या नोकरीत सर्व्हर तुझ्या हवाली झाले, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटची जुन्या सर्व्हरवरची फाईल कॉपी केली तर चालेल का, असं तू विचारलंस. चालणार नाही. का नाही, ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या वयाचा असताना मी एका कंपनीत रात्रपाळीला होतो. एका पहाटे डिस्क शंभर टक्के भरली आणि डेटाबेसचं लिहिणं थांबलं. सगळ्यात मोठी फाईल लॉगची होती, ती मी आरएम करून उडवली. जागा तसूभरही सुटली नाही. लिनक्समध्ये फाईलचं नाव वेगळं आणि फाईल वेगळी. नाव पुसलं तरी ज्या प्रोसेसने फाईल उघडून धरली आहे, ती सोडेपर्यंत जागा अडलेलीच राहते. म्हणूनच डीएफ डिस्क भरल्याचं सांगत होता आणि डीयूच्या बेरजेत ती जागा कुठेच सापडत नव्हती. शेवटी ॲप रीस्टार्ट केलं तेव्हा जागा मिळाली, पण ॲप इतकं का बडबडत होतं हे सांगणाऱ्या ओळी त्या फाईलबरोबर गेल्या. कारण कधीच कळलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

रोटेशनमध्येही हाच प्रकार होतो. लॉगरोटेट फाईलचं नाव बदलतो, पण ॲपच्या हातात जुनीच फाईल असते. ते तिच्यातच लिहीत राहतं आणि नवी फाईल रिकामी पडून राहते. नाव बदललं की ॲपला फाईल पुन्हा उघडायला सांगावंच लागतं. एनजिनएक्सला त्यासाठी यूएसआर-१ हा सिग्नल आहे, तो पोस्टरोटेटमध्ये दे. काही ॲपना असं सांगण्याची सोयच नसते. त्यांच्यासाठी कॉपीट्रंकेट आहे: आधी प्रत काढायची, मग मूळ फाईल रिकामी करायची. पण प्रत संपल्यावर आणि फाईल रिकामी होण्याआधी आलेल्या ओळी हरवतात. पैशांच्या व्यवहाराच्या लॉगला मी ते कधीही लावणार नाही, तूही लावू नकोस.

आकाराची मर्यादा शंभर एमबी लिहिली म्हणून फाईल तिथेच थांबेल असं समजू नकोस. लॉगरोटेट पहारा देत बसत नाही, बहुतेक ठिकाणी तो दिवसातून एकदाच चालतो. त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये फाईल कितीही फुगू शकते. जास्त लिहिणाऱ्या ॲपसाठी तो तासातासाला चालव आणि डेलीच्या जोडीला मॅक्ससाइझ दे.

तुमचं ॲप पायथनचं आहे, तेव्हा रोटेटिंगफाइलहँडलर वापरायचा मोह होईल. त्यात मॅक्सबाइट्स दिले आणि बॅकअपकाउंट शून्यच राहिला, तर फाईल कधीच फिरत नाही आणि चूक झाल्याचं कुणी सांगतही नाही. शिवाय एकाच ॲपच्या चार प्रोसेस एकाच फाईलमध्ये लिहीत असतील तर तो वापरूच नये. फिरवणारा एकच असू दे, ॲप तरी किंवा लॉगरोटेट तरी. आणि डॉकर असेल तर त्याच्या जेसन-फाइल ड्रायव्हरला मुळात मर्यादाच नसते, मॅक्स-साइझ आपणच द्यायचा असतो.

आता तुझ्या जुन्या फाईलकडे येतो. तिच्यात डेलीखाली रोटेट ७ आहे असं तू म्हणालीस, म्हणजे जेमतेम आठवड्याचे लॉग. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायचे असतात. सगळे त्याच डिस्कवर ठेवायची गरज नाही. कॉम्प्रेस करून दुसऱ्या मशीनवर हलव, पण तिथे पोचल्याची खात्री झाल्याशिवाय इथलं काही पुसू नकोस. किती दिवस ठेवायचं हे एकटीने ठरवू नकोस, साहेबांकडून लेखी घे.

सोमवारी आधी लॉगरोटेट डॅश-डी देऊन चालव. त्यात काही बदलत नाही, काय होणार ते फक्त दिसतं. मग दुपारच्या निवांत वेळी डॅश-एफने एकदा खरोखर फिरव आणि नव्या फाईलवर टेल लावून बस. तिच्यात पहिली ओळ पडलेली दिसली की मला कळव.

तुझा,
मामा