बंदूक गवसणीत का गंजते?

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकात यात्रा भरते. त्याआधीचे चार महिने घाटाच्या पायथ्याची हवा ओलीगच्च असते. घरातला कोयता, विळा गंजू लागतो. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असेल, तर तिचीही तीच गत. पावसाचा थेंबही अंगावर न पडता ती गंजते कशी?

हवेतले बाष्प त्याला पुरते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. त्यात ऑक्सिजन विरघळून गंजण्याची विद्युतरासायनिक क्रिया चालते. घामातले मीठ तिला हातभार लावते, म्हणून बोटांचे ठसे आधी तांबूस होतात. चामड्याची गवसणी तर ओल धरूनच ठेवते. जपायला म्हणून बंदूक तीत घालायची, आणि होते नेमके उलटे!

आता हे गणित पाहा. २७ अंश सेल्सिअसला आर्द्रता ९० टक्के आहे. तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते. चुलीच्या वर आढ्यात खोचलेला कोयता कमी का गंजतो, ते कळले ना? बंदूक मात्र चुलीजवळ मुळीच नको. ती रिकामी करून, कोरडी पुसून खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. खाद्यतेल खवट आणि चिकट होते.

हे काम परवानाधारक वडीलधाऱ्यांचे. तुम्ही तीन खिळे घासून लखलखीत करा. एकाला तेल लावा, दुसरा घामेजल्या बोटांनी चोळा, तिसरा तसाच ठेवा. तळाशी थोडे पाणी असलेल्या बरणीत तिन्ही दोऱ्याने अधांतरी टांगा आणि झाकण लावा. कोणता खिळा कितव्या दिवशी तांबूस झाला, ते वहीत टिपा.