परमुलखातील कलावती : नाव, निवड आणि मोबदला

‘कलेला देश नसतो’ हे वाक्य आपण भाषणांतून इतक्या वेळा ऐकतो की त्यावर विचार करण्याची गरजच वाटेनाशी होते. कलेला देश नसेलही. पण कलावंताला देश असतो, भाषा असते, जात असते. आणि कलावंत स्त्री असेल तर तिच्याकडे पाहणाऱ्या नजराही असतात. आपला मुलूख सोडून ती परक्या रंगमंचावर उभी राहते तेव्हा या नजरा बदलतात. त्या कशा बदलतात आणि त्या बदलाने तिचा लाभ होतो की हानी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो कोरियन गाण्यांमुळे. आज नागपुरात धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत महाविद्यालयीन मुलींच्या मोबाइलवर ‘ब्लॅकपिंक’, ‘ट्वाइस’ अशा कोरियन गायिका-नर्तिकांच्या संचांची गाणी असतात. स्नेहसंमेलनात एक नाच लावणीचा आणि एक कोरियन गाण्यावरचा, हे जणू ठरूनच गेले आहे. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला प्रश्न पडला : या कोरियन मुलींना परदेशात जी वागणूक मिळते, ती आपल्या मराठी कलावतींना परमुलखात मिळालेल्या वागणुकीहून खरोखर वेगळी आहे काय?

हे तपासायचे तर काही कसोटी हवी. किती टाळ्या पडल्या, ही कसोटी मला अपुरी वाटते. टाळ्या गारुड्याच्या खेळालाही पडतात. म्हणून मी तीन साधे प्रश्न घेतले आहेत. तिचे नाव घेतले गेले काय? काय गावे आणि कसे दिसावे, याची निवड तिची होती काय? आणि कष्टांचा मोबदला तिच्या हाती पडला काय?

नाव

नावाचा झगडा घरापासूनच सुरू होतो. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांचे गाणे देशभर गाजले. पण त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे! आवाज जिचा ती अदृश्य, आणि जी अस्तित्वातच नाही तिचे नाव ठळक. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक १९५९ मध्ये आले. तोवर त्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला होता. नाव हे कोणी आपण होऊन देत नाही, ते मागून घ्यावे लागते, हा यातला बोध.

आता परमुलखाकडे पाहू. सूरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी गावी, कलावंत समाजात झाला. या समाजातील स्त्रियांच्या गळ्यावर प्रतिष्ठितांच्या मैफली रंगत, पण त्यांच्या घरी पंगतीला बसण्यास तीच मंडळी कचरत. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे केसरबाईंनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. अमेरिकेने १९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांवर जी सोनेरी तबकडी बसवली तीत जगभरातील २७ संगीतरचना निवडल्या गेल्या. भारताच्या वाट्याला आली ती केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. ती सुचवली संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. दुसरे यान सुटल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या.

येथे नावाची कसोटी पूर्ण उतरते. तबकडीच्या यादीत ‘सूरश्री’ या उपाधीसह त्यांचे पूर्ण नाव आहे. त्या परक्या जाणकाराने बाईंची जात विचारली नाही, की त्यांचे घर कोणत्या वस्तीत आहे याची चौकशी केली नाही. त्याने फक्त सूर ऐकला. ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण येथे आठवते.

परंतु परक्याची दाद नेहमी इतकी निर्मळ नसते. १९९७ साली इंग्लंडमधील ‘कॉर्नरशॉप’ या संचाने आशा भोसले यांच्या गौरवार्थ एक गाणे काढले. १९९८ च्या फेब्रुवारीत त्याचे नवे रूप तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. ‘आशा’ हे नाव साऱ्या इंग्लंडच्या ओठांवर आले, पण त्या गाण्यात आशाबाईंचा आवाज मात्र नव्हता. गौरव मनापासून केलेला होता, यात शंका नाही. तरी नाव पोचले आणि गायिका मागेच राहिली. याउलट २००५ साली सान फ्रान्सिस्कोच्या ‘क्रोनोस क्वार्टेट’ने राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा संग्रह काढला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आशाबाई स्वतः नव्याने गायल्या आणि मुखपृष्ठावर वादकांच्या जोडीने त्यांचे नाव आले. या दोन प्रसंगांत सात-आठ वर्षांचे अंतर आहे. वागणुकीतील अंतर मला त्याहून मोठे वाटते.

निवड

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कोरियन मुलींची कहाणी आजची नाही, ती १९५०-५३ च्या कोरियन युद्धापासून सुरू होते. ली नान-यंग ही तेथील नामवंत गायिका. तिचे पती संगीतकार होते. त्यांना उत्तर कोरियाच्या सैन्याने पकडून नेले. पोट भरण्यासाठी तिने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांना अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत गायला उभे केले. मुलींना इंग्रजीचा गंध नव्हता. केवळ उच्चार घोकून त्या गात. मोबदला म्हणून मिळालेली चॉकलेटे आणि दारूच्या बाटल्या बाजारात देऊन घरी अन्नधान्य येई. याच मुली पुढे ‘किम सिस्टर्स’ म्हणून १९५९ साली अमेरिकेतील लास व्हेगासला पोचल्या आणि एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसपेक्षा अधिक वेळा झळकल्या. पण लास व्हेगासला ज्या कार्यक्रमात त्यांना प्रथम उभे केले त्याचे नाव होते ‘चायना डॉल रिव्ह्यू’! मुली कोरियाच्या आणि पाटी चिनी बाहुलीची. पाहणाऱ्याला पूर्वेकडची एक बाहुली हवी होती. ती कोणत्या देशाची, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

छावणीतील गाणे म्हटले की मला आपल्या विठाबाई नारायणगावकर आठवतात. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी विठाबाई आपला फड घेऊन नेफाच्या सरहद्दीवर जवानांपुढे नाचल्या-गायल्या. त्याही सैनिकांपुढेच उभ्या होत्या. परंतु फड त्यांचा, बोली त्यांची, लावणी त्यांची. परक्या भाषेचे उच्चार घोकून त्यांना कोणाची बाहुली व्हावे लागले नाही. लता मंगेशकरांचेही तसेच. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दिलीपकुमारांनी त्यांची ओळख करून दिली आणि त्या आपल्या नेहमीच्या साध्या साडीत आपली गाणी गायल्या. अर्थात समोर बव्हंशी परदेशस्थ भारतीयच बसले होते, हे विसरून चालणार नाही. आपल्या माणसांपुढे आपल्यासारखे राहणे सोपे असते.

आजच्या कोरियन मुलींना हे स्वातंत्र्य किती? त्यांचा आहार, पोशाख, मैत्री यांवरही कंपनीची देखरेख असते. जानेवारी २०१६ मध्ये ‘ट्वाइस’ संचातील त्झुयू या मूळच्या तैवानच्या सोळा वर्षांच्या मुलीने एका कार्यक्रमात पूर्वी तैवानचा ध्वज हाती धरला होता, यावरून चीनमधील प्रेक्षकांत संताप उसळला. जाहिराती जाऊ लागल्या. अखेर त्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभे राहून, कागदावरून वाचून, वाकून क्षमा मागावी लागली. आपल्या मायभूमीचा ध्वज हाती धरला म्हणून क्षमा! येथे परमुलखाने प्रेम दिले, आणि त्या प्रेमाची किंमतही वसूल केली.

मोबदला

तिसरी कसोटी पैशाची. कलेच्या चर्चेत पैशाचा विषय आपल्याकडे थोडा हलका समजला जातो. मला तो तसा वाटत नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा मात्र आर्थिक ओढगस्तीत होत्या. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. हयातीत हात आखडता आणि मरणोत्तर सढळ, ही आपली जुनी खोड आहे. लताबाईंनी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत गायकाचा वाटा मागितला, तेव्हाही त्यांना हेकट ठरवण्यात आले होते.

कोरियातही हाच झगडा झाला. तेथे एका पुरुष संचातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्याच २००९ साली करार सात वर्षांहून अधिक असू नये, असा नमुना तेथील सरकारी यंत्रणेने घालून दिला. ‘कारा’ हा मुलींचा संच जपानमध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर होता. अशा वेळी, जानेवारी २०११ मध्ये, त्यातील तिघींनी उत्पन्नाच्या वाटणीवरून कंपनीशी करार मोडण्याची मागणी केली. तडजोड एप्रिलमध्ये झाली. याच संचाने २०१३ साली टोकियो डोम भरवले. आणि ‘ब्लॅकपिंक’ने २०२३ मध्ये अमेरिकेतील कोचेला महोत्सवात प्रमुख कलावंतांचे स्थान मिळवले, पुढे जेनी, लिसा आणि जिसू यांनी वैयक्तिक कामासाठी आपापल्या संस्था काढल्या. ‘चायना डॉल’पासून स्वतःच्या संस्थेपर्यंतचा हा प्रवास चौसष्ट वर्षांचा आहे.

मात्र हा प्रवास सर्वांचाच सुखाचा झाला नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सल्ली आणि ‘कारा’मधील गू हारा या दोघी तरुण गायिका अकाली गेल्या. दोघींवरही मायदेशातील टीकाखोरांनी वर्षानुवर्षे चिखलफेक केली होती. त्यानंतर तेथील दोन मोठ्या वृत्तसंकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखाली वाचकांनी अभिप्राय लिहिण्याची सोयच बंद केली. परमुलूख क्रूर आणि घर मायेचे, असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

आपणही कोणाचा तरी परमुलूख

येथवर मी इंग्लंड-अमेरिकेविषयी लिहिले. पण वाचकहो, नागपूर हाही कोणाचा तरी परमुलूख आहे. लावणी आपण आपली म्हणतो. परंतु फडाची आणि संगीतबारीची लावणी मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची. वैदर्भी खडी गंमत आणि दंडार यांत स्त्रीपात्र परंपरेने पुरुषच रंगवीत आले. म्हणजे आपल्या स्नेहसंमेलनात लावणी आणि कोरियन नाच, या दोघीही पाहुण्याच! दोघींना आपण काय वागणूक देतो?

लावणी मध्यमवर्गीय घरातील मुलीने केली तर ती ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ ठरते. तीच लावणी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या कोल्हाटी समाजातील स्त्रीने केली तर नजर फिरते. यमुनाबाई वाईकर याच समाजातल्या. त्यांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या कितीजणी आमच्यात लावणी नाचतात, हे मी मोजू गेले तर संकोच वाटेल.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी ईशान्य भारतातून शिकायला नागपुरात आली. तिच्या चेहऱ्यावरून सीताबर्डीच्या बाजारात तिला ज्या हाका मारल्या जातात त्या येथे लिहिण्यासारख्या नाहीत. हाका मारणाऱ्यांपैकी कितीकांच्या मोबाइलवर कोरियन गायिकेचे छायाचित्र असते! पडद्यावरचा चेहरा देखणा, आणि रस्त्यावर तसाच चेहरा दिसला की थट्टा. हे कलेवरचे प्रेम नव्हे. ही बाहुलीची आवड झाली. लास व्हेगासच्या त्या पाटीला हसण्याचा अधिकार मग आपल्याला उरत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके रंगतात. वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. तेथे नागपूरहूनही अभिनेत्री आणि नर्तिका जातात. हिशेब प्रयोगागणिक असतो. हजारो प्रेक्षक थंडीत पहाटेपर्यंत बसतात, इतके प्रेम! पण त्याच मुली परतल्या की शेजारीपाजारी ‘कोठे जाते, कोणाबरोबर जाते’ हीच चौकशी करतात. ‘काम कसे झाले’ असे विचारणारा क्वचितच भेटतो.

सारांश, वागणूक परमुलखात बदलते ती देशाच्या अंतराने नव्हे. पाहणारा सूर ऐकतो की बाहुली शोधतो, यावर ती ठरते. म्हणून आपल्या हाती असलेल्या तीन गोष्टी सुचवून हा लेख पुरा करते. स्नेहसंमेलनात लावणी असो वा कोरियन गीत, मूळ गायिकेचे आणि रचनाकाराचे नाव निवेदनात घेतले जावे. कोणता नाच करावा आणि कोणता पोशाख घालावा, हे नाचणाऱ्या मुलींनी ठरवावे. आणि बाहेरून बोलावलेल्या कलावतीचे मानधन कार्यक्रम संपताच, ठरल्याप्रमाणे, तिच्याच हाती द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला फारसा खर्च येत नाही.