दगडी जलभिंत

दिल्लीच्या लाल किल्ल्याचे बांधकाम १६४८ मध्ये पूर्ण झाले. तेथील शाहबुर्ज मंडपात उतरत्या संगमरवरी फरशीवरून पाणी झुळझुळत येई. आज घरातही दगडी जलभिंत उभारता येते.

पाण्याचे रूप दगडावर अवलंबून असते. खडबडीत दगडावर ते खळाळते, गुळगुळीत दगडावर पातळ पडद्यासारखे उतरते. भिंतीची वरची कड पाणसळीत असावी. अन्यथा पाणी एकाच बाजूने वाहते. दुष्फेन पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग आम्लाने काढल्यास संगमरवर झिजतो. ग्रॅनाइट सहसा टिकतो. दगडामागील जलरोधक थर सर्वांत महत्त्वाचा. तो सदोष असल्यास ओल घराच्या भिंतीत मुरते आणि शोभेसाठी केलेले काम घराचीच हानी करते.

पाठगत प्रश्न : दुष्फेन पाण्यासाठी कोणता दगड निवडाल? का?