मूलपेशींनी हृदय दुरुस्त होतं का?



दहावीला मूलपेशी शिकवताना एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या बाबांना अटॅक येऊन गेलाय. मूलपेशी घातल्या तर त्यांचं हृदय पहिल्यासारखं होईल ना?" घरी कुणीतरी जाहिरात दाखवली होती. खर्च काही लाखांत. पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवला की हा प्रश्न सुटतो असं नाही, म्हणून हे लिहितोय.

झटक्यात नेमकं काय होतं? हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडते. पुढच्या स्नायूपेशींना ऑक्सिजन मिळत नाही आणि काही तासांत त्या मरतात. मोठ्या झटक्यात शंभर कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. गुडघा खरचटला तर नवी त्वचा येते. इथे मात्र व्रण तयार होतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर ताण येतो.

मग हृदयात नव्या पेशी तयारच होत नाहीत का? होतात, पण फारच थोड्या. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हे मोजलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 पेशींच्या डीएनएमध्ये किती आहे, यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं! (मुलांना हा भाग भारी आवडतो.) पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. झेब्राफिश हा मासा मात्र कापलेला हृदयाचा तुकडा दोनेक महिन्यांत पुन्हा वाढवतो.

2001 मध्ये अमेरिकेतून बातमी आली, की अस्थिमज्जेतल्या पेशींनी उंदरांचं हृदय दुरुस्त झालं. जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. पण 2004 मध्येच दुसऱ्या दोन गटांना दिसलं, की त्या पेशी हृदयाच्या स्नायूपेशी बनतच नाहीत. त्या बातमीमागचे एक प्रमुख संशोधक पिएरो अँव्हर्सा. त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत, असं 2018 मध्ये हार्वर्डनेच कळवलं. विज्ञान स्वतःची चूक दाखवतं हे खरं, पण मधल्या काळात किती घरांनी आशा धरली असेल!

आता वाट वेगळी आहे. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. 2012 चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. अशा पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशींचा पातळ थर ओसाकामध्ये जानेवारी 2020 मध्ये एका रुग्णाच्या हृदयावर बसवला गेला. अडचणी आहेतच: शरीराने परक्या पेशी स्वीकारायला हव्यात, नव्या पेशींनी जुन्यांच्या ठेक्यात धडधडायला हवं. नाहीतर ठोके बिघडतात.

पालकांनी एक नक्की लक्षात ठेवावं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. हृदयासाठी "पॅकेज" विकणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "बाळा, अजून तरी नाही. बाबांच्या गोळ्या चुकू देऊ नकोस, आणि पुन्हा छातीत दुखलं तर अॅसिडिटी समजून घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या." तिने वहीच्या मागच्या पानावर गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.