धूसर नजरेला सोबत हवी



आपल्या युवकांपैकी एक जण मिस्सेत नेमाने वाचन करीत असे. एकदा त्याने ते अचानक सोडले. विचारले तर "वेळ मिळत नाही, फादर" एवढेच उत्तर. त्याची श्रद्धा मंदावली असे आम्ही समजलो आणि तसे त्याला ऐकवलेही. पुढे त्याच्या आईकडून कळले, की त्याला प्रत्येक ओळीला सावल्या दिसत होत्या. त्याला 'केरॅटोकोनस' झाला होता. आमची चूक आम्ही त्याच्याजवळ कबूल केली. त्याच्याच संमतीने आज हा विषय घेत आहोत.

डोळ्याच्या पुढच्या बाजूस पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. या आजारात तो हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी होते. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो, एकाची दोन अक्षरे दिसतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. अशा वेळी "मोबाइल कमी बघ" एवढे सांगून थांबू नये. नेत्रतज्ज्ञाकडून कॉर्नियाच्या आकाराची तपासणी करून घ्यावी.

डोळे चोळण्याच्या सवयीने हा आजार बळावतो. म्हणून खाज येत असेल तर ॲलर्जीवर उपचार करावेत. आजार वाढत असल्यास 'क्रॉस-लिंकिंग' हा उपचार करतात. त्यात 'ब-२' जीवनसत्त्वाचे थेंब घालून डोळ्यावर ठरावीक अतिनील किरण सोडतात व कॉर्निया बळकट करतात. याचा मुख्य हेतू आजार थोपवणे हा आहे; गेलेली नजर त्याने परत येईलच असे नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो. स्पष्ट दिसण्यासाठी पुष्कळांना खास कडक लेन्स लागतात. काही थोड्यांवर मात्र कॉर्निया-रोपणाची वेळ येते.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्ही 'हे किंवा ते' अशी विभागणी शिकलो. समाजही माणसांची तशीच वाटणी करतो: डोळस किंवा आंधळा. आपला हा युवक दोहोंतही बसत नव्हता. चालताना तो धडपडत नसे, म्हणून त्याचे दुखणे कोणाला खरे वाटत नसे. तो आम्हांला म्हणाला, "फादर, उपदेश नको. माझ्यासारखा आणखी कोणी आहे का, ते सांगा."

त्याच्या डॉक्टरांनी अशा एका भगिनीशी तिच्या परवानगीने गाठ घालून दिली. टेबलावर आरसा आडवा ठेवून, मान खाली घालून, सलाईनने भरलेली लेन्स डोळ्यात कशी बसवायची, हे तिने त्याला शिकवले. लेन्सला नळाचे पाणी कधीच लावू नये, हेही बजावले. पहिल्या महिन्यात आपण रडलो होतो, हे तिने सांगितले तेव्हा त्याला खरा धीर आला. अमेरिकेत १९८६ साली या रुग्णांसाठी 'नॅशनल केरॅटोकोनस फाउंडेशन' सुरू झाले. १० नोव्हेंबर हा दिवस जगभर या आजाराविषयी जागृतीसाठी पाळला जातो. पण आधार मिळायला मोठी संस्थाच हवी असे नाही; दोन रुग्ण भेटले तरी पुरेसे असते.

आपण काय करू शकतो?
१. वाचने व गीते मोठ्या अक्षरांतही छापू.
२. रात्री वाहन चालवणे ज्यांना अवघड जाते, त्यांना सभेनंतर घरी सोडू.
३. ओळख न दिल्यास "गर्विष्ठ झाला" असे म्हणण्याआधी स्वतः पुढे होऊन नाव सांगू.
४. नेत्रदानाचा निर्णय घरच्यांना आजच सांगून ठेवू. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवून दान पूर्ण व्हावे लागते.

आपल्या घरी असा कोणी रुग्ण असेल, तर आम्हांला येऊन भेटा. नाव जाहीर होणार नाही. आपला युवक पुन्हा वाचन करू लागला आहे. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून आणतो. त्याने भेटायची तयारी दाखवली आहे.

आपला,
धर्मगुरू