गाडीतील ‘कॅन’च्या तारा : आधी सिग्नल पाहा, मग पार्ट बदला

गॅरेज आणि ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांपुढे हल्ली एक अडचण वारंवार येते. गाडी सुरू होत नाही, मीटरवर चार-पाच दिवे एकदम लागतात आणि स्कॅनर सांगतो, ‘कम्युनिकेशन नाही’. मग अंदाजाने महागडे कंट्रोल युनिट बदलले जाते. दोष तसाच राहतो आणि गिऱ्हाईक तुटते. म्हणून ही तपासणी शिकून घेणे जरुरीचे आहे.

इंजिन, ब्रेक, मीटर यांची युनिटे दोन तारांवरून एकमेकांना निरोप देतात. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली. एक तार ‘हाय’, दुसरी ‘लो’. निरोप नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. निरोप जाताना हाय ३.५ पर्यंत चढते, लो १.५ पर्यंत उतरते. युनिट हा फरकच वाचते. तारांना पीळ असतो. त्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्हींवर सारखाच येतो आणि फरक बिघडत नाही.

प्रथम बॅटरी सोडवावी. थोडा वेळ थांबून तपासणी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजावेत. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असल्याने साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर किंवा तार तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

मात्र चालू सिग्नल मल्टिमीटरला दिसत नाही. ५०० किलोबिट वेगाला एक बिट फक्त २ मायक्रोसेकंदांचा असतो; मीटर सरासरी दाखवतो. येथे ऑसिलोस्कोप लागतो. बॅटरी जोडून इग्निशन चालू करावे. एक चॅनल ६ नंबरवर (हाय), दुसरा १४ वर (लो), अर्थ ४ नंबरवर लावावा. एका चौकोनाला १ व्होल्ट आणि १० मायक्रोसेकंद ठेवावेत. सिग्नल चांगला असेल तर एक रेष वर जाते तेव्हाच दुसरी खाली येते, कोपरे धारदार दिसतात.

बिघाड असा ओळखावा :

१. हाय शून्यावर सपाट : तार बॉडीला लागली आहे.

२. रेष १२ व्होल्टजवळ : बॅटरीच्या तारेशी शॉर्ट.

३. दोन्ही रेषा एकाच पातळीवर, फरक नाही : तारा आपसात चिकटल्या असाव्यात. ओहमने खात्री करावी.

४. कोपरे गोल, रेष सावकाश मूळ जागी येते : टोकाचा रेझिस्टर तुटला असावा.

नंतर इग्निशन बंद करून एकेका युनिटचा कपलर काढावा आणि पुन्हा चित्र पाहावे. ज्याचा कपलर काढताच चित्र सुधारते, ते युनिट किंवा त्याची तार दोषी. एअरबॅगच्या कपलरला मात्र असा हात लावू नये. काही गाड्यांत सॉकेट आणि आतील तारा यांच्यामध्ये गेटवे युनिट असते. तेथे डायग्राम पाहून थेट युनिटच्या कपलरवर प्रोब लावावा.

या तारांवर टेस्ट लॅम्प लावू नये, सुईने इन्सुलेशन टोचू नये. जोड दिल्यावर पीळ पुन्हा घालावा. स्क्रीनवरचे चित्र गिऱ्हाइकालाही दाखवावे. घासलेल्या तारेसाठी युनिटचे पैसे घेतले जाणार नाहीत, ही खात्री पटली की तो पुन्हा आपल्याच दारी येतो.