हंस आणि गूस : एका नावाचा प्रवास

पालीच्या तासाला ‘हंस’ आणि इंग्रजीच्या तासाला ‘गूस’ हा शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातील आहेत, हे सहसा ठाऊक नसते. कानाला ते परके वाटतात. मात्र मधल्या भाषा समोर ठेवल्या की त्यांचे नाते उलगडते.

जर्मन भाषेत या पक्ष्याला ‘गान्स’ म्हणतात. डच भाषेतील शब्दाचे लेखन तेच आहे. स्वीडिशमध्ये तो ‘गोस’ होतो. या सर्वांचे मूळ प्राचीन जर्मनिक भाषेतील ‘गन्स’ या रूपात आहे आणि त्याच्याही मागे ‘घ’सदृश ध्वनीने सुरू होणारा एक आदिम शब्द आहे, असे भाषाशास्त्र मानते. या ध्वनीचा जर्मनिक भाषांत ‘ग’ झाला, तर संस्कृत-पालीत ‘ह’. आपले ‘हिरण्य’ आणि इंग्रजीतील ‘गोल्ड’ यांचे नातेही असेच आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, हा विचार विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडला. जर्मनिक ध्वनिबदलांची सूत्रबद्ध मांडणी याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये केली.

मग इंग्रजी ‘गूस’मधील ‘न’ कुठे गेला? जुन्या इंग्रजीत ‘स’पूर्वीचा ‘न’ गळाला आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला. ‘फाइव्ह’चेही तसेच, जर्मन ‘फ्युन्फ’मध्ये अनुनासिक अजून टिकून आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘पंच’चा ‘पाच’ आणि ‘दंत’चा ‘दात’ होताना आपल्याकडेही अनुनासिक विरले व स्वर लांबला. ‘पांच’, ‘दांत’ असे अनुस्वारासह लिहिण्याची जुनी पद्धत 1962 च्या लेखननियमांनी थांबवली. ‘हंस’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा घेतल्यामुळे अनुस्वारासह राहिला.

खरा प्रश्न पुढे आहे. इंग्रजी अनुवादांत ‘हंस’साठी पुष्कळदा ‘गूस’ऐवजी ‘स्वॉन’ हा शब्द येतो. वास्तविक ‘स्वॉन’चे नाते आपल्या ‘स्वन’ म्हणजे ध्वनी या शब्दाशी आहे. शिवाय प्राचीन साहित्यातील हंस म्हणजे हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पक्षी असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे; आणि तो ‘गूस’च्याच कुळातला आहे. पण इंग्रजीत ‘गूस’ म्हणजे मूर्ख माणूस, असाही अर्थ रूढ झाला. आपल्याकडे हंस विवेकाचे प्रतीक ठरला. कूळ एक, शब्दाचे मूळ एक. मान मात्र एकाला मिळाला आणि उपहास दुसऱ्याच्या वाट्याला आला. तो पक्ष्याच्या अंगी नव्हता. माणसांनी तो त्याच्या नावाला चिकटवला.

महाहंस जातकात पाशात अडकलेल्या हंसराजाला सोडून त्याचा सेनापती सुमुख उडून जात नाही. ती निष्ठा पाहून पारध्याचे मन द्रवते. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात ही कथा चित्रित आहे. तेथे हंसाची थोरवी त्याच्या नावाने ठरत नाही, वर्तनाने ठरते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध हेच माणसाविषयी सांगतात. पशुपक्ष्यांच्या जाती त्यांच्या जन्मजात खुणांवरून वेगळ्या ओळखू येतात. माणसामाणसांत तशी खूण नाही. नाव आणि गोत्र हे लोकव्यवहाराने ठरवलेले संकेत आहेत; माणूस ओळखला जातो तो त्याच्या कर्मावरून. ज्यांच्या पूर्वजांना नावावरून हिणवले गेले, त्यांच्या मुलांना या वचनाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून शब्दांचे मूळ शोधणे हा केवळ विद्वानांचा छंद नव्हे. नावाला चिकटलेला मान-अपमान कोठून आला, हे तपासण्याची सवय त्यातून लागते. आपल्या विद्यार्थ्यांनी ती सवय आयुष्यभर जपावी.